गुहागर राहिलं, टेंभुर्णी झालं

ठरलं होतं सोलापूर ते गुहागर. सात दिवस, सहा मुक्काम, हॉटेल एकही नाही. नदीकाठी तंबू, उजनी धरणाच्या पाण्याकाठी तंबू, मग फलटण-सातारा करत घाट उतरून थेट समुद्रावर तंबू. प्रत्यक्षात आम्ही सोलापूर जिल्हासुद्धा ओलांडला नाही.

गाडी आमची २०१२ची, डिझेल, सेकंडहँड. इंजिन पुढच्या सीटखाली असतं त्या प्रकारातली. दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून मागची दोन्ही सीटं काढली, प्लायवूडची फळी ठोकली, खाली भांड्यांचे खण केले. दिसायला झकास झालं. फक्त पुढच्या सीटमागे सामान असं गच्च बसलं की सीट उचलायची तर आधी अर्धा संसार रस्त्यावर मांडायचा. ही गोष्ट तेव्हा कुणाला महत्त्वाची वाटली नाही. एकाला सोडून.

तो एक म्हणजे आमचे आप्पा, माझे सासरे. वय शहात्तर. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त. बार्शी लाइटची अडीच फुटी रूळ-गाडी आणि तिची वाफेची इंजिनं यांच्यात आयुष्य गेलेलं. ते दोन अटींवर आले. झोपायला फळी माझी, आणि रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पाणी बघायचं. चौथा मेंबर सहावीतला आमचा चिरंजीव. त्याची अट एकच, शाळा बुडाली पाहिजे.

दिवस पहिला

सकाळी साडेसहाला निघायचं होतं, निघालो पावणेदहाला. शेगडी घेतली, लायटर घेतला, छोटी गॅसटाकी भरूनच आणली नव्हती.

विजापूर रोडने मंद्रूप आणि तिथून आत हत्तरसंग कुडल. इथे सीना भीमेला मिळते. फेब्रुवारीचा मधला आठवडा, पाणी खाली गेलेलं, काठावर चिखलाच्या वाळलेल्या पापड्या. संगमावर दोन जुनी देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. सोलापुरात जन्म काढलेली माणसंही इथे येत नाहीत, मीही चाळिशीत पहिल्यांदा आले, त्यामुळे बोलायला जागा नाही.

संगमेश्वराच्या तुळईवर तो प्रसिद्ध लेख आहे. शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा. त्यातली एक ओळ मराठी: 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचेल तो विजयी होईल. चिरंजीव मान वर करून हवेतल्या हवेत बोटाने अक्षरं गिरवत उभा राहिला आणि मग त्याने रास्त प्रश्न विचारला, "हे वाचलं की परीक्षेत चालतंय का?" आप्पा म्हणाले, "चालतंय, पण दगडावर पेपर लिहावा लागतोय." मला मात्र नंतर, टेंभुर्णीला गॅरेजच्या अंगणात बसल्यावर, ती ओळ वेगळ्याच कारणाने आठवली. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी स्पष्ट लिहून ठेवलंय की वाचा. आमच्या गाडीच्या खणात कंपनीचं मॅन्युअल पडून होतं. पहिल्या मालकानेही त्याचं प्लास्टिक फाडलेलं नव्हतं.

हरिहरेश्वराच्या देवळात ते बहुमुखी शिवलिंग आहे, एकाच दगडावर ओळीने कोरलेले ३५९ चेहरे. आम्ही एक रांग मोजून गुणाकार करायला गेलो, तिघांची तीन उत्तरं आली.

पुजाऱ्यांना विचारून देवळापासून जरा लांब, बाभळीखाली तंबू ठोकला. गॅस नाही म्हणून चूल नाही, चूल नाही म्हणून जेवण घरून आणलेलं. कडक भाकरी चुरून त्यावर दही, शेंगाचटणी, वरून कच्चं तेल. शेंगाचटणी उखळात कुटलेली असेल तर तिला तेल सुटतं, मिक्सरमधली कोरडी राहते आणि घशाला लागते. ही कुटलेली होती. चौघांनी मिळून सहा भाकरी संपवल्या. पलीकडच्या काठावरून, म्हणजे कर्नाटकातून, कानडी भजन ऐकू येत होतं. रात्री बऱ्यापैकी गारठा पडला. नवऱ्याने ऑनलाइन मागवलेल्या दोन स्लीपिंग बॅगा चेन अडकल्याने तशाच राहिल्या आणि चाटी गल्लीतून आणलेल्या तीन सोलापुरी चादरींनी आम्हाला तारलं.

दिवस दुसरा

सकाळी आप्पांनी विचारलं, "पाणी बघितलास का रे?"

"बघितलं आप्पा, फुल्ल आहे." नवऱ्याने वाकून पांढरी प्लास्टिकची बाटली दाखवली. हिरवं पाणी वरच्या रेघेपर्यंत होतं.

"बाटलीतलं न्हवं. रेडिएटरातलं."

"आप्पा, बाटलीत आहे म्हणजे रेडिएटरमध्ये असणारच. तिथूनच तर जातं."

आप्पा काही बोलले नाहीत. सीट उचलायची तर सगळं सामान काढावं लागणार, हे त्यांनाही दिसत होतं. ते फळीवर जाऊन बसले.

मंद्रूपला येऊन गॅस भरला, कामतीमार्गे बेगमपूर गाठलं, भीमेवरचा पूल ओलांडला की माचणूर. रस्ताभर ज्वारीची काढणी चाललेली. इकडची रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. काळ्या रानात बायका-पुरुष ओळीने वाकलेले आणि मागे कडब्याच्या पेंढ्या आडव्या पडत चाललेल्या. चिरंजीवाला उपटून बघायची हौस आली. शेतातल्या मावशींनी हसत परवानगी दिली. चार धाटं उपटली आणि तळहात लाल करून घेतला. मावशी म्हणाल्या, "बाळा, आता असलं दोन एकर." तो गप्प गाडीत येऊन बसला.

माचणूरचा सिद्धेश्वर आणि शेजारी औरंगजेबाने दक्षिणेतल्या मुक्कामात बांधलेला किल्ला. किल्ला म्हणजे आता नदीकडेची तटबंदी आणि आत काटेरी झुडपं. देवळाचा घाट मात्र सुंदर आहे, रुंद पायऱ्या थेट नदीत उतरतात. दुपारभर तिथे बसून राहिलो. मला विचाराल तर या सहलीतला खरा कॅम्पिंगचा मुक्काम हा एवढाच. पिठलं जमलं, भात करपला, आप्पांनी चक्क दोन अभंग म्हटले.

एक गोष्ट मात्र त्या दिवशीच खटकली होती. गाडीत एक गोडसर वास यायला लागला होता. पाकाचा असतो तसा, जरा उग्र. मी म्हटलं, कुठेतरी गुऱ्हाळ चालू असेल. भाग उसाचा, दिवस उसाचे, कुणालाच शंका आली नाही. गाडीत घालतात ते कूलंट तापून बाहेर पडलं की असाच गोड वास येतो, ही माहिती मला दोन दिवसांनी मिळाली.

दिवस तिसरा

सकाळी पुन्हा तोच संवाद, तीच बाटली. बाटली पुन्हा काठोकाठ भरलेली. नवरा म्हणाला, "बघा, थेंबभर कमी झालेलं नाही." आप्पा म्हणाले, "हेच चुकायलंय. गाडी दोन दिस चालली, थेंब तरी हलाय पायजे की."

मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं दर्शन घेतलं. दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना उघडून दिली तो हा माणूस. बाजारात मालदांडी ज्वारी पाच किलो घेतली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे, पण दुकानदाराने ते सांगितलं नाही, त्याने मूठभर दाणे माझ्या हातावर ओतले आणि म्हणाला, "चावून बघा." पंढरपुरात कळसाचं दर्शन घेऊन पुढे निघालो, कारण संध्याकाळच्या आत उजनीच्या पाण्यावर पोचायचं होतं.

करकंब मागे पडलं आणि काटा चढायला लागला.

आधी मध्याच्या जरा वर. मग पाऊण. वेळ दुपारी दोनची, ऊन रणरणतं. नवऱ्याने एसी बंद केला. काटा जागेवरच. मग त्याला कुठल्याशा व्हिडिओतलं आठवलं की इंजिन तापलं तर गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनची गरमी तेवढीच आत खेचली जाते. उपाय खोटा नाही, नंतर मिस्त्रीनेही तो बरोबर म्हणून सांगितला. पण सोलापूर जिल्ह्यात, दुपारी दोनला, हीटर फुल्ल लावून चार माणसांनी बसणं काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. खिडक्या उघड्या, बाहेरून झळा, पायाशी भट्टी. चिरंजीवाची पेपरमिंटची गोळी खिशात वितळली. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आप्पांना मी टोपीशिवाय बघितलेलं त्याआधी एकदाच.

पाचेक मिनिटांत काटा खाली यायला लागला. पाऊण, अर्धा, अर्ध्याच्याही खाली. नवऱ्याने स्टिअरिंगवर थाप मारली, "जमलं!" मीही टाळी वाजवली. आणि त्याच वेळी हीटरमधून येणारी हवा गार झाली.

"थांबव," आप्पा म्हणाले.

"अहो आप्पा, काटा उतरलाय."

"काटा पाण्याची गरमी सांगतोय. पाणीच न्हाई तर काय सांगंल? थांबव म्हणलं ना!"

हा सगळा प्रकार आजही मला थोर वाटतो. पाणी संपलं की काट्याला जोडलेला सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खुशाल खाली येतो. इंजिन मरायला टेकलेलं असतं आणि समोर सगळं आलबेल दिसतं. हीटरला गरम करणारंही तेच पाणी, म्हणून तोही गार. नवऱ्याने गाडी बाजूला घेईपर्यंत सीटखालून खट्खट् सुरू झालं होतं. मग एक आचका, आणि बंद. सीटच्या फटीतून पांढरी वाफ.

नवरा वीस लिटरचा पाण्याचा जार घेऊन धावला. आप्पांनी त्याचा हात धरला. "गरम इंजिनात गार पाणी ओतायचं न्हाई. हेड तडकंल. आणि झाकणाला हात लावू नको, तोंड भाजंल." मग पाऊण तास आम्ही लिंबाखाली बसून होतो. अर्धा संसार रस्त्यावर मांडलेला होताच: तंबू, चादरी, पिठाचा डबा, मालदांडी.

शेवटी ओल्या फडक्याने झाकण उघडलं. आत खडखडीत. आप्पांनी झाकण उलटं करून मला दाखवलं. आतल्या रबराच्या चकतीला एका बाजूने चीर गेली होती. गाडी गार होताना रेडिएटर बाटलीतलं पाणी परत ओढून घेतो, त्या ओढीसाठी झाकण घट्ट बसावं लागतं. ते बसत नव्हतं. पाणी भलतीकडूनच गळून जात होतं आणि बाटली तशीच भरलेली. म्हणजे जी बाटली आम्ही रोज सकाळी भक्तिभावाने बघत होतो, तिचा गाडीशी संबंधच तुटलेला होता. आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "उजनी वरून भरलेली दिसती, तसं."

चिरंजीव लगेच म्हणाला, "म्हणजे गाडी मायनसमध्ये गेली." सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. उजनी प्लसमध्ये की मायनसमध्ये, यावर आमच्याकडे पेपर उघडतो. धरणातला वापरायचा साठा संपून पाणी तळच्या मृतसाठ्यात उतरलं की उजनी मायनसमध्ये.

जारातलं पाणी हळूहळू ओतलं, गाडी सुरू केली. थरथरत सुरू झाली, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट, आणि रेडिएटरच्या तोंडाशी भात शिजतो तसे बुडबुडे. आप्पांनी लगेच बंद करायला लावली. "हेड गॅस्केट गेलं," एवढं म्हणून ते टोपी घालून बसले. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे ते घट्ट बसावं म्हणून मध्ये घातलेला पातळ पत्रा.

साखर कारखान्याला ऊस टाकून मोकळा परत निघालेला एक ट्रॅक्टर थांबला. मागे दोन रिकाम्या ट्रॉल्या, गाणी इतकी जोरात की बोलणं हातवाऱ्यांनी. ड्रायव्हर विशीतला पोरगा. त्याने एकदाच विचारलं, "टोचन लावू का?" आणि उत्तराची वाट न बघता ट्रॉलीखालून दोर काढला. टोचनने गाडी नेणं हे बघायला सोपं, आत बसलेल्याला नाही. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा पायडल दगडासारखा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी उपसावं लागतं, आणि दोर ढिला पडला की पुढच्या हिसक्याला सगळी भांडी पुढे. टेंभुर्णीपर्यंत नवऱ्याने एक शब्द उच्चारला नाही. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत. फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, "मोबाइलमदी चार्जिंग करून द्या थोडं." पॉवर बँक आमच्याकडे होती. ती त्याला देऊन टाकली.

मुक्काम गॅरेजच्या अंगणात. जुन्या टायरांच्या दोन थप्प्यांमध्ये तंबू बरोबर बसला. महामार्गावरचे ट्रक रात्रभर. तरी झोप लागली.

दिवस चौथा

मिस्त्री सकाळी सातलाच आले. इंजिन रात्रभर गार झालं होतं, हेड खोलायचं तर ते गारच पाहिजे. आप्पा तोंड धुऊन आधीच स्टुलावर हजर. आधी ऑइलची पट्टी काढली. काळं ऑइल यायला हवं, आलं ते दुधाच्या चहासारखं. मिस्त्रींनी ती पट्टी न बोलता नवऱ्यापुढे धरली.

मग हेडचे बोल्ट. आप्पा आणि मिस्त्री एकमेकांना ओळखत नव्हते, पण पहिला बोल्ट सैल झाल्यावर दोघांची बोटं एकाच वेळी दुसऱ्या टोकाच्या बोल्टाकडे गेली. कडेकडून, तिरपे, थोडे थोडे सैल करत आत यायचं, एकदम एक काढला तर हेड वाकतं. त्यानंतर मिस्त्री आप्पांना 'काका' म्हणायला लागले आणि पाना मागायच्या आत आप्पा पुढे करायला लागले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आप्पा निवृत्तीला आलेले. त्यांना कामावर असताना मी कधी बघितलंच नव्हतं. हात अजिबात थरथरत नव्हते. घरी चहाचा कप धरताना थरथरतात.

गॅस्केट निघालं. चार मोठ्या भोकांचा पत्रा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भोकांमधली चिंचोळी पट्टी जळून काळी झालेली, एका ठिकाणी पार तुटलेली. तेवढ्या करंगळीभर जागेतून स्फोटाची हवा पाण्यात शिरत होती आणि पाणी ऑइलमध्ये. हेडवर लोखंडी पट्टी उभी धरून मिस्त्रींनी खालून टॉर्च मारला. पट्टीखाली मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसली. "वाकलंय. फेसिंगला, म्हंजी सपाट करायला, लेथवर न्यावं लागंल. वॉटर बॉडी पण गेली." वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप. त्याच्या खालच्या बारीक भोकाशी हिरवट पांढरा थर जमला होता. आत सील खराब झालं की पाणी त्या भोकातून टिपकतं, ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं. आपण खाली वाकून बघावं म्हणून. आम्ही बाटली बघत होतो.

सगळं मिळून बावीस हजार आणि पाच-सहा दिवस. नवऱ्याने गुहागरचा विषय काढायचा एक क्षीण प्रयत्न केला, "इथून भाड्याची गाडी..." मी बघितलं फक्त.

दुपारी मिस्त्रींच्या ओळखीच्या रिक्षाने उजनीला जाऊन आलो. १९८० साली पूर्ण झालेलं हे धरण. पोटात जवळपास ११७ टीएमसी पाणी, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे ती मायनसची भानगड. पाणी अजून प्लसमध्ये होतं. फ्लेमिंगो बघायचे तर वर भिगवणकडे जायला हवं होतं, ते राहिलं. चिलापी मासळी मात्र खाल्ली, काट्याची, झणझणीत, ज्वारीच्या भाकरीबरोबर. आप्पा आले नाहीत. त्यांना हेड लेथवर जाण्याआधी व्हॉल्व्ह बघायचे होते.

दिवस पाचवा

सकाळच्या लाल एसटीने परत. सामान निम्मं गाडीतच ठेवलं, चादरी आणि ज्वारी घेतली. आप्पांनी जळलेलं गॅस्केट मिस्त्रींकडून मागून घेतलं होतं आणि पेपरात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. आम्हाला सोमवारपासून सात दिवस काय काय दिसणार होतं याची चिरंजीवाने खिडकीतून यादी करायला घेतली आणि मोहोळच्या आधी झोपला.

कंडक्टर आले. आप्पांचं आधार कार्ड बघितलं, पंच्याहत्तरीच्या वरचे, प्रवास मोफत. माझं महिला सवलतीचं हाफ. चिरंजीव अकरा वर्षांचा, त्याचंही हाफ. मग त्यांनी मशीन सरळ केलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"तुमचं एकट्याचं फुल्ल."

"हो," आप्पा पेपराची घडी नीट करत म्हणाले, "त्याचंच."